वखारीपुढचा फोटो

माघ लागला की निपाणीला खोकला लागतो. रानातली तंबाखू वाळून गावात येते, वखारींची मोठी दारं उघडतात आणि आत कुटलेल्या, चाळलेल्या पानांचा खकाणा धुक्यासारखा पेठेवर उतरतो. पुजारी आरती म्हणता म्हणता ठसकतो. पोस्टातला कारकून शिक्का मारता मारता शिंकतो. मी वर्गात फळ्यावर जास्वंदीचं फूल काढत असतो आणि पाठीमागं पोरं पाळीपाळीनं खोकत असतात. परगावच्या माणसाला हा वास पहिले दोन दिवस सोसत नाही, तिसऱ्या दिवशी तो त्याला कळेनासा होतो. मला मात्र इतकी वर्षं इथं काढूनही तो दर माघात नव्यानं कळतो.

यंदा त्यात आणखी एक भर पडली. बेळगावहून आलेले एक ओळखीचे गृहस्थ सहज बोलून गेले, "मास्तर, लढाई संपली, कॅम्पातल्या दुकानांत फिल्मचे रोल परत आल्यात बघा. तुमचा फोटोचा डबा अजून हाय का न्हाय?"

आहे, म्हटलं. कपाटावर आहे. घरी आलो, पण तो खाली काढला नाही. नुसता कपाटाकडं बघत बसलो. आमच्या हिनं विचारलं, "डोकं दुखतंय का?" मी म्हटलं, "तंबाखू." या दिवसांत निपाणीत हे उत्तर कशालाही चालतं.

तो डबा घेतला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. आमचं घर बेळगावचं. वडील कोर्टात शिरस्तेदार. जगातली माणसं त्यांच्या लेखी दोनच जातींची होती: जी दप्तराला धरून वागतात ती, आणि बाकीची. मी चित्रं काढतो हे त्यांना कधी आवडलं नाही. पण ड्रॉइंगच्या परीक्षा देऊन मला निपाणीच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा मी कसाबसा पहिल्या जातीत बसलो. निपाणीला निघायच्या आधी बेळगावच्या लष्करी कॅम्पात एका गोऱ्या कप्तानाच्या बंगल्यात सामानाचा लिलाव होता. तो विलायतेला परत चालला होता. अंगणात खुर्च्या, कपबश्या, कुत्र्याची साखळी, मडमेच्या टोप्या असं सगळं मांडलं होतं आणि त्यात एक काळा, चौकोनी, हातात मावेल एवढा डबा होता. पुढं एक भिंग, बाजूला एक चाप, वर बोटभर काच. लोकांनी उचलून हलवून पाहिला आणि ठेवून दिला. मी घेतला.

फार साधं यंत्र होतं ते. भिंग एका जागी कायमचं बसवलेलं. पुढं नाही, मागं नाही. चार पावलांच्या पलीकडचं सगळं स्वच्छ यायचं आणि माणसाच्या त्याहून जवळ गेलात तर त्याचं तोंड पुसल्यासारखं व्हायचं. जवळ जायचं नाही, हा त्या डब्याचा कायदाच होता आणि तो माझ्या स्वभावाला मानवला. एका रोलात आठ फोटो. पाठीमागं तांबड्या काचेची एक टिकली, तिच्यात आकडा दिसायचा. एक फोटो काढला की किल्ली फिरवून पुढचा आकडा आणायचा. आणि मुख्य म्हणजे हा डबा डोळ्याला लावायचा नव्हता. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. काचेत सगळं उलटं यायचं, उजवीकडून येणारी बैलगाडी डावीकडून यायची. समोरच्याला वाटायचं, मास्तर हातातल्या पेटीत काहीतरी शोधतायत. मी त्याच्याकडंच बघतोय हे त्याला कळायचं नाही.

पहिल्या माघात मी निपाणी अशी काचेतून पाहिली. शाळा सुटली की डबा घेऊन निघायचो. पेठेत तंबाखूच्या गाड्यांची रांग लागलेली असायची, जू उतरवलेले बैल रवंथ करत बसलेले असायचे आणि गाडीखालच्या सावलीत गाडीवान तोंडावर पटका टाकून झोपलेले असायचे. लिंबाखाली न्हाव्यापुढं बसलेला म्हातारा, अर्धी हजामत झालेली, अर्धी राहिलेली. बांगड्यांच्या माळा खांद्यावर घेऊन उभा कासार. माघातलं ऊन फोटोला फार चांगलं. भाजत नाही, पण प्रत्येक गोष्टीला तिची तिची सावली देतं. आठच फोटो म्हणून मी फार जपून चाप दाबायचो. कितीतरी वेळा नुसताच काचेत बघायचो आणि परत यायचो. गावाला सवय झाली. "मास्तर, डब्यात घावलं का काय?" बायका विचारायच्या. "घावलं," मी म्हणायचो, आणि त्या हसून पुढं जायच्या.

मी जेवायला मारुतीरावांकडं होतो. माझ्या खोलीसमोरच त्यांचं घर. मारुतीराव एका वखारीत तोलाईच्या कामावर होते. माणूस भला, पण गावाला भिणारा. त्यांची बायको भाकरी करायची, आणि वाढायला बहुतेक वेळा त्यांची बहीण यायची. तिचं नाव सगुणा. मी तिला सगुणाक्का म्हणायचो. खरं तर ती माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी लहानच असेल. तिला सांबऱ्याला दिलेली होती. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा तिची मुलगी चंपा चार वर्षांची होती. सासरी दिवसभर शेण-घाण आणि वर बोलणी. म्हणून वर्षभरानं ती मुलीला घेऊन भावाकडं आली आणि वखारीत चाळणीच्या कामाला लागली. दुपारी तोंडाला पदराची पट्टी बांधून बायकांच्या रांगेत बसायची, संध्याकाळी घरी येऊन राखेनं कोपरापर्यंत हात घासायची. तरी भाकरीला बारीक कडसर वास राहायचाच. मला तो आवडायला लागला होता. हे त्या वेळी मी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ती फार बोलायची नाही. पण चंपीच्या निमित्तानं बोलायची. चंपी माझ्या खोलीत येऊन जमिनीवर खडूनं शेळ्या काढायची. सगळ्या शेळ्यांना पाच पाय. "पाचवा कशाला गं?" मी विचारलं तर म्हणाली, "मोडला तर?" मी ते सगुणाक्काला सांगितलं. तिच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. एवढंच. तेव्हा मला वाटलं होतं, या बाईला हसता येत असेल का?

एकदा मी म्हटलं, "सगुणाक्का, चंपीचा आणि तुमचा एक फोटो काढू का?"

तिनं ताटात भाकरी ठेवली आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, "चंपीचा काढा. माझा नगा, मास्तर. सासरची मानसं वाईट हैत. कशाचं काय करतील, सांगता येत न्हाय."

"नाही काढणार," मी म्हटलं.

हे मी म्हटलं होतं. ताट पुढं होतं, भाकरी गरम होती आणि मी हे शब्द उच्चारले होते. इतक्या वर्षांत मी ते शब्द माझ्यापासून वेगळे करून बघितले. ते वेगळे होत नाहीत.

त्यानंतर आठ-दहा दिवसच गेले असतील. दुपारची सुट्टी. मी डबा घेऊन वखारीच्या बाजूला गेलो होतो. बायका जेवायला बाहेर आल्या होत्या, भिंतीच्या सावलीत फडकी सोडून बसल्या होत्या. त्यांचा मुकादम मोठा कडक होता. चाळताना कुणी शिंकलं तरी खेकसायचा. तोच दारात उभा राहून कुणावर तरी ओरडायला लागला, आणि पहिल्याच शब्दाला त्याला शिंक आली. मग दुसरी. मग एकामागून एक अशा, की त्याला शब्द काढताच येईना. फेटा सुटून खांद्यावर आला, तो सावरायला गेला तर आणखी शिंका. बायका आधी माना खाली घालून बसल्या. मग कुणाच्या तरी तोंडून हसू फुटलं आणि सगळ्या रांगेत पसरलं.

मी चार-पाच पावलांवर होतो. खाली काचेत पाहिलं. सगुणाक्का हसत होती. मान मागं टाकून, तोंडावरची पट्टी गळ्याशी आलेली, पदर डोक्यावरून सरकून खांद्यावर, मोकळं कपाळ, सगळे दात दिसतायत, डोळ्यांतून पाणी. आणि चंपी तिच्या गुडघ्याला धरून वर आईच्या तोंडाकडं बघत होती. ती मुकादमाकडं बघत नव्हती. आईकडं बघत होती. तिनंही बहुतेक ते पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मी चाप दाबला. खट् झालं. हसण्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

पुढच्या रविवारी सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेलो. कॅम्पात एक फोटोग्राफर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. गोरे सोजीर घरी पाठवायला फोटो काढून घ्यायचे ते त्यांच्याकडंच. मूळचे कानडी, त्यांच्या मराठीला कानडीचा हेल होता. माझे रोल ते धुऊन द्यायचे आणि प्रत्येक फोटोला नावं ठेवायचे. "ह्याचं डोकं कापलायसा. ह्ये तिरकं." त्या दिवशी मात्र अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले ते काही बोललेच नाहीत. ओली प्रत चिमट्यात धरून दारातल्या उजेडात उभे राहिले.

"मास्तर," शेवटी म्हणाले, "तीस वर्षं मी मानसास्नी हासा म्हनून सांगायलोय. असं एक बी हासलं न्हाय." मग म्हणाले, "मोठी प्रत करतो. म्होरं दुकानाच्या काचेत लावतो. खाली तुमचं नाव."

मला काय वाटलं ते सांगायला आज लाज वाटते, पण सांगतो. मला फार आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव कशाच्या तरी खाली लिहिणार होतं.

"बाईला इचारलायसा न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"होय," मी म्हटलं.

मनाशी हिशेब सरळ होता. निपाणी कुठं, बेळगाव कुठं. वखारीतलं कोण कॅम्पात येऊन काचा बघत हिंडतंय? सांबरा बेळगावला लागून आहे, तिथली माणसं रोज सकाळी कॅम्पातल्या बंगल्यांना भाजी आणि दूध घालतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. बेळगावचा होतो मी. पण त्या वेळी ते आठवलं नाही. किंवा आठवू दिलं नाही.

फोटो लागला. ओळखीचे लोक थांबून पाहायचे. एका वकिलांनी वडिलांजवळ कौतुक केलं आणि वडिलांनी मला पत्रात एक ओळ लिहिली: 'तुझे काम पाहिले. बरे आहे.' त्यांच्या हातची ती एक ओळ मी कितीतरी दिवस खिशात घेऊन हिंडत होतो. आणि त्याच दिवसांत रोज दोन वेळा सगुणाक्का मला वाढत होती. "आमटी घ्या की मास्तर," म्हणत होती. मी घेत होतो.

तिसरा आठवडा असेल. रविवारची सकाळ. मी मारुतीरावांच्या सोप्यात जेवायला बसलो होतो. दारात बैलगाडी थांबली. एक पटकेवाला तरणा माणूस आणि त्याच्याबरोबर दोघं वडीलधारे आत आले. सगुणाक्कानं पदर पुढं ओढला. तो तिचा दीर होता.

पाणी दिलं तर त्यानं घेतलं नाही. मारुतीरावांना म्हणाला, "पावनं, तुमच्या भनीला बाजारात मांडलायसा, हे आमाला ठाव नव्हतं."

"काय बोलताय?" मारुतीराव म्हणाले.

"कॅम्पात जाऊन बघा. हातभर फोटू लावलाय. डोस्क्यावर पदर न्हाय, समदे दात बाहीर. सोजीर बघून जातेत. आमचा भाऊ मरून किती दिस झालं? ही हासतीया!" मग तिच्याकडं वळला. "कुनी काढला गं? कुनापुढं हासत हुतीस?"

तिला काही कळेना. आणि मग कळलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातात घास होता.

"मी काढला," मी म्हटलं. "त्यांना माहीत नाही. मी न विचारता काढला. त्यांचा काही दोष नाही."

मला वाटलं, खरं बोललो की संपेल. तो माझ्याकडं, माझ्या ताटाकडं, मग पुन्हा माझ्याकडं बघत राहिला. "आनि ह्यो हितंच जेवतोय," बरोबरच्या दोघांना म्हणाला. "घरात."

मी उठून उभा राहिलो. काहीतरी बोलत राहिलो. जितका बोलत होतो तितकं ते तिच्यावर जात होतं, हे मला दिसत होतं, पण थांबता येत नव्हतं. शेवटी वडीलधाऱ्यांतला एक शांतपणे म्हणाला, "तुमी राहू द्या मास्तर. आमी पोर न्यायला आलोय. तिची आजी वाट बघतीया. आमच्या घरची पोर असल्या घरात वाढायची न्हाय."

सगुणाक्का चंपीला घट्ट धरून भिंतीला टेकली. "न्हाय देनार," म्हणाली. "दादा, सांग की रं ह्यास्नी."

मारुतीराव खाली बघत होते. दारात शेजारपाजार गोळा झाला होता. "सगुणे," ते म्हणाले, "जाऊ दे तिला. चार दिस ऱ्हाईल, मग बघू. गाव बघतंय गं."

चंपी रडली नाही. तिला वाटलं, बैलगाडीतून जत्रेला जायचंय. मामीनं गुळाचा खडा हातात दिला, तो तिनं मुठीत धरला आणि चुलत्याच्या शेजारी गाडीत बसली. वळणावर गाडी गेली तोवर ती मागं बघून हात हलवत होती. सगुणाक्काही हात हलवत होती. गाडी दिसेनाशी झाल्यावरसुद्धा तिचा हात तसाच वर राहिला होता. मग मामीनं तो धरून खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून बेळगावला गेलो. अण्णांनी काचेतून फोटो उतरवला. मग म्हणाले, "मास्तर, मी इचारलं हुतं. तुमी होय म्हटलासा." त्यात राग नव्हता. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं. मोठी प्रत त्यांनी माझ्यासमोर फाडली आणि लहान प्रत आणि फिल्म माझ्या हातात दिली. तिथून मी चालत सांबऱ्याला गेलो.

सगुणाक्काची सासू अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला वाटलं होतं दुष्ट बाई असेल. वाळलेली, थकलेली म्हातारी होती. मी कोण ते सांगितलं. हात जोडले. म्हटलं, "चूक माझी आहे. मला काय शिक्षा करायची ती करा. मुलगी आईकडं द्या."

म्हातारीनं शेंगा बाजूला सारल्या. "तू आलास," म्हणाली, "पन कोन म्हनून आलास? तिचा भाऊ आला न्हाय. तू तिचा कोन?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

"माझा ल्योक गेला. पोरगी तेवढी ऱ्हायली. ती बी आईनं नेली. आता गावभर हिचं नाव झालं, हिच्या पोरीला उद्या कोन करून घेनार?" ती थांबली. मग माझ्याकडं नीट, डोळे बारीक करून बघितलं. "जात एकच दिसतीया. पाट लावतोस तिच्यासंगं? लाव. आत्ता म्हन. बाप म्हनून पोरीचा हात धर आनि घिऊन जा. मी आडवी येनार न्हाय. माझ्या पोराला सांगते मी."

ती खोटं बोलत नव्हती. टोमणा मारत नव्हती. तिच्या परीनं तिनं दार उघडं केलं होतं.

कुठंतरी मोट चालू होती, तिचा करकर आवाज येत होता. त्या अंगणात उभा राहून मला वडिलांचं दप्तर दिसलं. आमच्या घरात विधवेशी पाट लावत नसत. बहिणीचं लग्न ठरत होतं. आईनं माझ्यासाठी हुबळीची मुलगी बघून ठेवली होती. तेवढ्यात गोठ्यातून चंपी करडू धरून बाहेर आली. मला ओळखून पळत आली. "मास्तर! आई आली?"

"नाही," मी म्हटलं.

"जावा मास्तर," म्हातारी शेंगा जवळ ओढत म्हणाली. "ऊन व्हायलंय."

निपाणीला येऊन मी सगुणाक्काला एवढंच सांगितलं, की ते देत नाहीत. बाकीचं सांगितलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही. मी दुसरीकडं जेवायला जायला लागलो. खिडकीतून तिला वखारीकडं जाताना आणि येताना बघत होतो. तेव्हा हातात डबा नव्हता. नुसत्या डोळ्यांनी बघायला किती कठीण असतं ते तेव्हा कळलं. ज्वारीची रानं पिवळी पडली, पोरं ओला हरभरा भाजून खाऊन काळ्या तोंडानं शाळेत यायला लागली, होळीची लाकडं गोळा व्हायला लागली. आणि एका सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. काखेत गाठोडं होतं.

"सांबऱ्याला चालले," म्हणाली. "पोरगी झोपत न्हाय म्हनं तिथं. खात न्हाय. मी गेलेच पायजे."

"ते तुम्हाला त्रास देतील."

"देऊ देत."

मी टेबलाच्या खणातून ती लहान प्रत काढली. का काढली, सांगता येत नाही; तिच्याजवळ लपवायला आता काही राहिलं नव्हतं म्हणून असेल. म्हटलं, "हा तो फोटो. जाळून टाका हवं तर."

तिनं तो अजून पाहिलाच नव्हता. उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिली. "अशी दिसते व्हय मी?" हळूच म्हणाली. मग तिचं बोट चंपीवर गेलं. "ही बघा कशी बघतीया." तिनं कागद मधोमध दुमडला, स्वतःची बाजू मागं, चंपीची पुढं. घडीवरून नख फिरवून तो कनवटीला खोचला. "भाकरी वैनी देईल तुमाला," म्हणाली. "लाजू नगासा. जावा जेवायला." आणि मोटारीच्या अड्ड्याकडं चालत गेली. वखारीत पुन्हा कधी बसली नाही. सासरच्या गोठ्यात, सासरच्या चुलीपुढं, लेकीच्या जवळ राहिली.

हुबळीच्या मुलीशी माझं लग्न झालं. ती चांगली आहे. तिला यातलं काही माहीत नाही, आणि माझ्या अबोलपणाला ती माझा स्वभाव समजते. मी त्यानंतरही थोडे फोटो काढले: डोंगर, देवळं, शाळेचा समारंभ. माणसं काढली ती विचारून, रांगेत उभी करून. आणि ती सगळी मेल्यासारखी आली. मग लढाई लागली, रोल मिळेनासे झाले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लढाईत सांबऱ्याची रानं विमानांच्या तळासाठी गेली, तिथली कितीतरी घरं पांगली, असं ऐकलं. सगुणाक्काचं काय झालं हे मारुतीरावांना विचारायचा धीर झाला नाही. मी अजून त्यांच्या समोरच्या घरात राहतो.

मागच्या वर्षी शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी बेळगावात होतो. वडील वारले त्याला वर्ष होत आलं होतं. ज्यांच्या एका ओळीसाठी आणि ज्यांच्या एका नकाराच्या भीतीपायी मी एवढं केलं आणि एवढं केलं नाही, त्यांची खुर्ची आता माळ्यावर ठेवलेली होती. आईनं उपासाची रताळी आणायला बाजारात पाठवलं. रताळ्यांचे तांबडे ढीग लागले होते, त्यांच्या अंगावरची माती अजून ओली होती. एका ढिगामागं दोघी बसल्या होत्या. तरुण होती तिच्या मांडीवर मूल होतं. वयस्कर होती तिचे केस बरेच पिकले होते. ती चाळिशीचीही नव्हती.

तिनं मला आधी ओळखलं. "मास्तर," म्हणाली. मग शेजारी वळून, "चंपे, हे निपानीचे मास्तर. पाया पड."

चंपीनं मूल आईकडं दिलं आणि वाकून पाया पडली. मी कोण हे तिला आठवत नव्हतं. तिला रताळ्यांसाठी नावाजलेल्या बेळगुंदीला दिली होती, जावई कष्टाळू होता, सांबऱ्याचं रान गेल्यावर आणि सासू गेल्यावर सगुणाक्का लेकीजवळच राहत होती. हे सगळं तिनंच सांगितलं, माझ्या पिशवीत एकेक रताळं निवडून टाकता टाकता. "पोरीचं चांगलं झालं," म्हणाली. मूल रडायला लागलं म्हणून चंपी त्याला घेऊन पलीकडं सावलीला गेली.

आम्ही दोघंच राहिलो. बाजाराचा कल्ला चालू होता. मी म्हटलं, "सगुणाक्का, मी त्या वेळी सांबऱ्याला गेलो होतो. तुमच्या सासूबाईंनी मला एक विचारलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"ठाव हाय," ती म्हणाली. "म्हातारीनं मरायच्या आधी सांगितलं."

"माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. घरचं सगळं डोळ्यांपुढं आलं..."

"तुमचं ऱ्हाऊ द्या, मास्तर." ती रताळ्यावरची माती अंगठ्यानं पुसत होती. वर बघितलं नाही. "मी व्हय म्हटली असती. पन मला कुनी इचारलंच न्हाय."

माझ्या मागं एक बाई येऊन उभी राहिली होती. "रताळी गोड हैत का?" तिनं विचारलं.

"बेळगुंदीची हैत," सगुणाक्का म्हणाली, आणि तिनं तागडी उचलली.